बुळकांडी गेली, कळप परतले

मार्च 1892. न्गोरोन्गोरोच्या कड्यावरून तुम्ही खाली उतरताय. गुरांच्या खुरांनी पिढ्यान्‌पिढ्या तुडवून पायवाट खोल गेलेली आहे, पण तिच्यावर ताजं शेण कुठेच नाही. खाली विझलेल्या ज्वालामुखीचं प्रचंड विवर, हिरवा सपाट तळ, त्यात खाऱ्या पाण्याचं तळं. तुमच्या पुढे ओस्कार बाउमान या ऑस्ट्रियन प्रवाशाचा तांडा चाललाय. या विवरात उतरलेला, नोंद असलेला पहिला युरोपियन तोच. त्याची माणसं डोक्यावर ओझी घेऊन मुकाट चालताहेत.

तुम्ही आलात ते कळप बघायला. क्षितिजापर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेला सेरेंगेटीचा माळ, नदीत उड्या टाकणारे हजारो विल्डबीस्ट, सगळं पडद्यावर पाहिलेलं. हे दृश्य पृथ्वीइतकं जुनं असणार अशी तुमची समजूत. म्हणून मुद्दाम सव्वाशे वर्षांहून मागे आलात. गाड्या नाहीत, कॅमेरे नाहीत, तेव्हा तर कळप आणखी मोठे असतील.

संध्याकाळी तांडा मुक्काम करतो, भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतो, आणि कुंपणाबाहेर माणसं गोळा होऊ लागतात. मसाई. ज्या योद्ध्यांच्या नावानं पूर्व आफ्रिकेतले व्यापारी वाट बदलत, ते आता धड उभे राहू शकत नाहीत. बायकांच्या अंगावर हाडं तेवढी उरली आहेत. कापलेल्या जनावराचं कातडं, शिंगं, हाडं, जे मिळेल ते लोक उचलून नेताहेत. घासभर मांसाच्या बदल्यात पोटची पोरं द्यायला आईबाप तयार आहेत. बाउमान हे सगळं लिहून ठेवतो. तीनातले दोन मसाई मेले असावेत, हा त्याचा अंदाज.

घरात कधी गुरं पाळली गेली असतील, तर काय घडलंय हे तुम्हाला सांगावं लागणार नाही. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी, कडक ताप, तोंडात आणि हिरड्यांवर फोड, मग घाण वासाचे जुलाब, आणि आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा. बुळकांडी. महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव उच्चारायलासुद्धा नको वाटायचं. मसाईंचं सगळं जगणं गुरांवर: दूध, रक्त, मांस, लग्नाचा व्यवहार, माणसाची पत. गुरं गेल्यावर त्यांच्यापाशी काही उरलं नाही. त्या काळाला ते एमुताई म्हणतात.

आणि बुळकांडी गुरांवर थांबत नाही. खूर दुभंगलेला, रवंथ करणारा जो जो प्राणी आहे तो तिला बळी पडतो: रानम्हैस, जिराफ, विल्डबीस्ट. म्हणून तुम्ही ज्या वर्षात उतरलात त्या वर्षात तुमचा कळप नाही. किती होते आणि किती उरले हे कुणी मोजलेलं नाही. गिधाडं मात्र पुष्कळ आहेत.

आणखी थोडं मागे जाऊ, कारण ही साथ कुठून आली हे आपण बघायलाच हवं. 1887, लाल समुद्रावरचं मसावा बंदर. इटलीच्या सैन्यासाठी जहाजातून गुरं उतरवली जाताहेत. ती भारतातून आणलेली होती आणि त्यांच्याबरोबरच रोग उतरला, असं बहुतेक इतिहासकार मानतात. तिथून तो इथिओपियात गेला. तिथल्या दुष्काळात लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा संपला. 1890 च्या आसपास तो मसाईंच्या मुलखात, 1896 मध्ये झांबेझी ओलांडून दक्षिणेला, आणि लगेच पुढच्या वर्षी खंडाच्या टोकाशी, केपमध्ये. वाटेत कित्येक ठिकाणी शंभरातली ऐंशी-नव्वद गुरं मेली. आपल्याकडे हा रोग शतकानुशतकं मुक्कामाला होता, काही जनावरं तगून जात. आफ्रिकेच्या या भागांतल्या जनावरांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

आणि त्याच सुमारास, 1889 मध्ये, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात एक लहानशी प्रयोगशाळा सुरू झालेली आहे. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. जनावरांच्या रोगांवर, मुख्यतः बुळकांडीवर काम करायचं, हा तिचा हेतू. इतका संसर्गजन्य रोग वस्तीत बाळगणं धोक्याचं, म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. रॉबर्ट कॉख 1897 मध्ये तिथं येऊन गेले. पुढे 1920 च्या दशकात एडवर्ड्स यांनी तिथंच हा विषाणू बकऱ्यांच्या अंगातून पुन्हापुन्हा नेऊन सौम्य केला आणि गुरांना टोचण्याजोगी लस तयार केली. केनियातही पुढे हीच रीत वापरली गेली. सेरेंगेटीची गोष्ट सांगताना पुणे आणि मुक्तेश्वर ही नावं कुणी घेत नाही. मला ती घ्यावीशी वाटतात.

पुढची काही दशकं भरभर ओलांडा. माळावर गुरं नाहीत, चरणारी रानटी जनावरंही थोडी, गवत पेटवणारी माणसं उपासमारीनं आणि देवीच्या साथीनं गेलेली. कडेकडेनं काटेरी झुडपं पुढे सरकतात, झुडपांच्या सावलीत त्सेत्से माशी येते, तिच्यामागून निद्रारोग. जिथं माणसं राहत होती तिथं आता राहता येत नाही. नंतर आलेले युरोपियन शिकारी आणि अधिकारी हा ओस मुलूख पाहतात आणि त्याला आदिम, अस्पर्श निसर्ग समजतात. या गैरसमजाची किंमत पुढे कुणी मोजली, ते आता पाहाल.

जानेवारी 1958. तुम्ही एका छोट्या विमानात मागच्या बाजूला अंग चोरून बसलाय. डॉर्निअर बनावटीच्या या विमानाला झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे रंगवलेत. पुढे बाप-लेक: फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा तरुण मुलगा मिखाएल. दोघं विमान चालवायला शिकले आणि ते जर्मनीहून थेट इथवर उडवत आणलं, कारण सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाची हद्द बदलायचं घाटत होतं आणि जनावरं किती आहेत, कुठे जातात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विमान माळावरून सरळ पट्ट्यांत फिरतं, दोन्ही बाजूंनी मोजणी चालते, इंजिनाच्या आवाजात कुणी कुणाशी बोलत नाही. डोळे चुरचुरतात. विल्डबीस्टचा आकडा भरतो 99,481. एककापर्यंत दिलेला हा आकडा बराच कमी पडला असावा, कारण 1961 मध्ये हवाई छायाचित्रांवरून मोजणी झाली तेव्हा ते 2 लाख 60 हजारांच्या पुढे निघाले. पण ग्रझिमेक पितापुत्रांनी एक गोष्ट पक्की दाखवली: कळप कागदावरच्या हद्दीत राहत नाहीत. उद्यानाच्या आखलेल्या रेषा एकीकडे आणि जनावरांची वाट भलतीकडे.

एक वर्षानं, 10 जानेवारी 1959 ला, त्याच विमानाला एक गिधाड धडकलं आणि मिखाएल गेला. वय 24. न्गोरोन्गोरोच्या कड्यावर त्याला पुरलं. त्यांच्या कामावरच्या चित्रपटाला 1960 मध्ये ऑस्कर मिळालं आणि सेरेंगेटी जगभर पोचलं. बर्नहार्ड यांची तळमळ खरी होती. पण राष्ट्रीय उद्यानात माणसाला, मग तो मसाई का असेना, जागा नको हे त्यांचं मत मला कधीही पटलेलं नाही. त्याच 1959 मध्ये सेरेंगेटीतल्या मसाईंना बाहेर काढून न्गोरोन्गोरोच्या बाजूला पाठवण्यात आलं. वसाहत सरकारनं आधीच्या वर्षी काही वडीलधाऱ्यांकडून करारावर अंगठे घेतले होते. तुम्ही वाटेच्या कडेला उभे राहा आणि जाणारी गुरं, गाढवांवर लादलेली बिऱ्हाडं, चालणारी पोरं बघा. सत्तर वर्षांपूर्वी साथीनं ज्यांना माळावरून उठवलं, त्यांच्याच नातवंडांना आता माळ जपण्यासाठी उठवलं जातंय.

आता साठच्या दशकाच्या सुरुवातीला या. भल्या पहाटे, सेरेंगेटीच्या सीमेबाहेर, मसाईंच्या काटेरी वाडग्यासमोर. लाकडी वाशांचा लांबट खोडा उभारलाय, गुरं एकामागून एक त्यात शिरताहेत, धूळ उडतेय, पोरं काठ्या घेऊन ओरडताहेत. बर्फाच्या पेटीत लशीच्या बाटल्या. पशुवैद्य खांद्याच्या मागे कातडीखाली सुई टोचतो आणि पुढच्या जनावराकडे वळतो. ही लस नैरोबीजवळच्या मुगुगा इथं वॉल्टर प्लाउराइट यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली. वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये त्यांनी विषाणू सुमारे नव्वद वेळा वाढवला. शेवटी तो इतका निवळला की जनावराला आजारी पाडणं विसरला, पण जन्मभराचं संरक्षण देऊ लागला. बकऱ्यांतून केलेल्या लशीनं कधीकधी अशक्त जनावर दगावायचं, हिनं ते होत नाही.

इथं चाललेलं काम फक्त गुरांचं आहे. रानातल्या एकाही विल्डबीस्टला कुणी सुई लावलेली नाही. तेव्हा बहुतेकांना वाटायचं की रोग रानात दडून बसतो आणि तिथून गुरांना लागतो. रानातलं चित्र असं: दर वर्षी वासरं जन्मायची, आईच्या दुधातून आलेल्या संरक्षणावर काही महिने निभवायची, आणि ते ओसरलं की वर्ष भरायच्या आसपास पटापट मरायची. गुरांना लस टोचून झाली आणि 1963 च्या सुमारास रानातली ही मर थांबली. कोवळी जनावरं जगण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. म्हणजे रोग गुरांकडून रानात जात होता, उलटा नाही. खोड्यात उभ्या असलेल्या त्या गाईला टोचलेल्या सुईनं पलीकडच्या माळावरचं विल्डबीस्टचं वासरू जगलं.

मग आकडे चढत गेले. 1970 च्या दशकात कोरड्या ऋतूतही पाऊस बरा झाला, गवत टिकलं, आणि दशक संपायच्या आत विल्डबीस्ट 13-14 लाखांवर पोचले. जो देखावा अनादि म्हणून दाखवला जातो, तो माणसाच्या एका आयुष्याएवढाही जुना नाही.

चला, आता पोटभर बघून घ्या. फेब्रुवारी, 1980 च्या आसपासचं कुठलंही वर्ष, सेरेंगेटीचा दक्षिण माळ, न्दुतूच्या बाजूला. झाड नाही. गवत घोट्याएवढं. खालची माती ज्वालामुखीच्या राखेची. ओल दोइन्यो लेंगाई हा अजूनही जागा असलेला पर्वत पूर्वेला आहे. राखेचा थर खाली दगडासारखा घट्ट झालाय, झाडाचं मूळ त्यातून जात नाही, म्हणून माळ उघडा. पण त्या राखेत कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि तेच या बुटक्या गवतात उतरतं. गाभण आणि दुभत्या मादीला नेमकं तेच लागतं. उत्तरेकडे गवत उंच आणि मुबलक असतं तरी पाऊस पडताच कळप इकडे धावतो, तो यासाठी.

तुमच्यासमोर एक मादी आडवी होते. वासरू ओलंचिंब बाहेर येतं, धडपडतं, पडतं, पुन्हा धडपडतं, आणि सात-आठ मिनिटांत चार पायांवर उभं राहतं. ही घाई उगाच नाही. तरस पलीकडे बसलेत. वर्षभरातली बहुतेक वासरं याच तीनेक आठवड्यांत जन्मतात, लाखांच्या घरात, आणि बचावही त्यातच आहे: तरसांनी आणि सिंहांनी कितीही खाल्ली तरी पोटं भरतात, वासरं उरतात. या काळाच्या आधी किंवा नंतर जन्मलेल्या वासराला जगण्याची संधी कमी. हवेत दुधाचा, रक्ताचा, तुडवलेल्या गवताचा वास. चारी बाजूंनी सततचं हुंकारणं; त्या गदारोळात प्रत्येक आई आपलं वासरू आवाजानं आणि वासानं ओळखते.

मसाई या दिवसांत इथं गुरं आणत नाहीत. विल्डबीस्टच्या वासरांच्या नाकाडोळ्यांतल्या स्रावात एक विषाणू असतो. वासरांना तो काही करत नाही, गाईला मारतो. प्रयोगशाळेत हे प्लाउराइट यांनीच 1960 मध्ये दाखवलं. मसाईंना पिढ्यांपासून ठाऊक होतं. कळप वाढले तसा सगळ्यात सकस चारा ऐन मोसमात त्यांच्या गुरांना मिळेनासा झाला. बुळकांडी गेल्याचा फायदा दोघांना झाला हे खरं, पण सारखा झाला नाही.

मे महिना. माळावरची तळी आटली, उरलेलं पाणी खारट. कळप पश्चिमेला ग्रुमेती नदीच्या दिशेनं निघतो, चालता चालता माजावर येतो, नर एकमेकांना भिडतात. पुढे झेब्रे, दोन-अडीच लाख, उंच जाड गवताचे शेंडे खात, मागून विल्डबीस्ट, त्यांच्या मागे थॉमसन गॅझेल, नव्यानं फुटलेले कोवळे कोंब वेचत. कुणी पुढारी नाही. पाऊस जिकडे, गवत जिकडे, तिकडे तोंड. वर्षभराचं हे चक्र आठशे किलोमीटरचं सांगतात. गळ्यात पट्टे बांधून माग काढला तर वेड्यावाकड्या वाटांमुळे प्रत्यक्ष चाल त्याहून खूपच जास्त भरते.

ऑगस्टमध्ये मारा नदी. कळप लहान होता तेव्हा कोरड्या दिवसांत त्याला सीमेपलीकडे, केनियात, एवढ्या मोठ्या संख्येनं यावं लागत नसे. साठच्या दशकाच्या शेवटापासून लाखो जनावरं इथवर येऊ लागली. काठावर या, पण दूर उभे राहा. हजारो विल्डबीस्ट उंच कडेला दाटलेत, तासन्‌तास नुसते उभे. एखादं पुढे होतं, वाकतं, बिचकून मागे फिरतं, आणि सगळा जमाव मागे. पुन्हा येतो. मग एक जनावर उडी घेतं, आणि त्यानंतर काही थांबत नाही. धूळ इतकी की समोरचा काठ दिसेनासा होतो. पाण्यात शिंगं, डोकी, पाठी, खाली मगरी. पण मगरींपेक्षा जास्त जनावरं बुडून, चेंगरून मरतात. पलीकडचा काठ उभा असला की पुढचे चढू शकत नाहीत आणि मागचे थांबू शकत नाहीत. वर्षाला सरासरी सहा हजारांच्या वर जनावरं या नदीत जातात. ती फुकट जात नाहीत. गिधाडं आणि मोठे करकोचे मांस दूरवर नेतात, मासे महिनाभर त्यावर जगतात, आणि तळाशी पडलेली हाडं सात वर्षं विरघळत नदीला फॉस्फरस पुरवत राहतात.

कळपानं माळही बदलला. इतकी तोंडं गवत खाऊ लागली तेव्हा कोरड्या दिवसांत पेटायला गवत उरेना. वणवे कमी झाले, रोपं जळायची थांबली, बाभळींची रानं पुन्हा दाट झाली. पूर्वी हा मुलूख हवेत कार्बन सोडत होता, आता तो शोषून घेऊ लागला. 1965 मध्ये विद्यार्थी म्हणून इथं आलेले अँथनी सिंक्लेअर आणि त्यांचे सहकारी हे सगळे धागे पुढची कित्येक दशकं जुळवत बसले. एवढ्या चिकाटीनं एकाच माळाकडे बघत राहिलेल्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

2001, केनियातलं मेरू राष्ट्रीय उद्यान. एका रानम्हशीत बुळकांडीचा विषाणू सापडतो. तो शेवटचा. भारतात ती 1995 मध्येच शेवटची दिसली होती. जून 2011 मध्ये रोममध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेनं जाहीर केलं की बुळकांडी पृथ्वीवरून संपली. देवीनंतर माणसानं समूळ नाहीसा केलेला हा दुसरा रोग. यामागे प्रयोगशाळा होत्या तशी बर्फ नसलेल्या गावांतही टिकणारी नवी लस होती, आणि ती पाठीवर घेऊन पायी फिरणारी, गुराख्यांमधूनच तयार केलेली माणसं होती. त्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांत ही बातमी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत यायला हवी होती.

आता तुमच्या स्वतःच्या काळात या, पण सेरेंगेटीत नको. उत्तरेला, केनियातल्या लोइता माळावर. इथला विल्डबीस्टचा वेगळा कळप दर वर्षी लोइताहून मारात ये-जा करायचा. सत्तरच्या दशकापासून तो ऐंशी टक्क्यांहून जास्त घटलाय. रोग नाही. गहू आला, सामाईक चराई जमीन वाटून नावावर झाली, आणि मग तारांची कुंपणं आली. मुख्य कळपाबद्दलही धाकधूक आहे: 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उपग्रहाच्या छायाचित्रांवर केलेल्या मोजणीत आकडा सहा लाखांच्या आत आला. विमानातून केलेल्या मोजण्या त्याच्या दुपटीहून जास्त सांगत होत्या. पद्धतीतला फरक किती आणि खरी घट किती, यावर अभ्यासक अजून भांडताहेत.

लोइतावर ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे त्या मसाई माणसाजवळ बसा आणि त्याचा हिशेब ऐका. कुंपण घातलं तर आतलं गवत कोरड्या महिन्यांत त्याच्याच मेंढ्यांना मिळतं. घातलं नाही तर शेजाऱ्यांची गुरं आणि विल्डबीस्ट दोघं चरून जातात. माराच्या भोवती काही ठिकाणी जमीनमालकांनी एकत्र येऊन जमिनी पर्यटन कंपन्यांना भाड्यानं दिल्या, तिथं तारा निघाल्या आणि जनावरं परत आली. भाडं पर्यटकांवर अवलंबून. 2020 मध्ये विमानं थांबली तेव्हा ते कापलं गेलं, आणि मुलांची फी, औषधं, किराणा काही थांबलं नाही. लशीचा खर्च सरकारांनी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी वर्षानुवर्षं उचलला, पर्यटक येवोत न येवोत. मोकळ्या ठेवलेल्या जमिनीचं भाडं कोण भरणार हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. खांब आणि तारेची भेंडोळी त्यानं आणून ठेवलीत. पुढच्या पावसाआधी त्याला ठरवायचंय.